पोर्शे ९११ ला चोरीविरोधी ट्रॅकर: विमा कंपनीची अट नीट कशी पाळायची

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात रेडिंगजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी २०१४ ची पोर्शे ९११ कॅरेरा सेकंडहँड घेतली आहे. विमा कंपनीने पॉलिसी दिली, पण अट घातली की १४ दिवसांत थॅचम या संस्थेने मान्यता दिलेला एस५ श्रेणीचा ट्रॅकर बसवा, नाहीतर चोरीचा क्लेम मिळणार नाही. गाडी विकणारा सांगतो की आत पोर्शेचाच ट्रॅकर आहे. मित्र सांगतो की अॅपलचा एअरटॅग टाक आणि ऑनलाइन मिळणारा तीस पौंडांचा जीपीएस लाव, काम झालं. गृहस्थांना भीती आहे ती वायरिंगला हात लावण्याची, हिवाळ्यात बॅटरी बसण्याची, आणि डिसेंबरात ते महिनाभर पुण्याला जाणार आहेत तेव्हा मागे काय होईल याची.

मी मिडलंड्समध्ये गाड्यांच्या सुरक्षा यंत्रणा बसवण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे, आणि त्यात पोर्शे पुष्कळ येतात. हे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी अडकलेले आहेत. विमा कंपनी तुमच्याकडे डबा मागत नाहीये. गाडी तुमच्या नकळत हलली तर काही मिनिटांत कोणीतरी जागं होईल, तुम्हाला फोन करेल आणि पोलिसांना ठिकाण सांगेल, ही व्यवस्था ती मागते आहे. डबा हा त्यातला एक दुवा. उरलेले दुवे म्हणजे चालू सब्स्क्रिप्शन, चालकाने जवळ बाळगायचा टॅग, तुमचा फोन आणि गाडीची बॅटरी. क्लेम नाकारला जातो तो बहुतेक वेळा या उरलेल्या दुव्यांवरून. म्हणून कुठला ट्रॅकर घेऊ हे ठरवण्याआधी पॉलिसीचं एन्डॉर्समेंटचं, म्हणजे जादा अटींचं, पान काढा आणि ते शब्दशः वाचा.

त्या पानावर काय शोधायचं ते सांगतो. श्रेणी कोणती लिहिली आहे: एस५ की एस७? ट्रॅकर ‘बसवलेला’ असला की पुरे, की ‘बसवलेला, चालू आणि सब्स्क्रिप्शन भरलेलं’ असा असायला हवा? टॅग गाडीत ठेवायचा नाही असं वेगळं वाक्य आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या १४ दिवसांत चोरीचं संरक्षण आहे की नाही? काही पॉलिसींत मुदत संपेपर्यंत संरक्षण असतं, काहींत ट्रॅकर चालू होईपर्यंत चोरी पूर्ण वगळलेली असते. फोनवरच्या माणसाने ‘काळजी नको’ म्हटलं तर त्याच संध्याकाळी ईमेल करून उत्तर लेखी मागवा. तोपर्यंत गाडी रस्त्यावर ठेवू नका. गॅरेज नसेल तर कोणा ओळखीच्या माणसाचं मागा.

आता श्रेणींबद्दल. थॅचम रिसर्च ही विमा कंपन्यांनी १९६९ मध्ये उभी केलेली संशोधन संस्था आहे, बर्कशरमधल्या थॅचम गावात, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. अलार्म, इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) आणि ट्रॅकर तपासून त्यांना श्रेणी देणं हे तिचं एक काम. ट्रॅकरसाठी पूर्वी कॅटेगरी ५, ६, ७ अशा श्रेण्या होत्या. २०१९ पासून एस५ आणि एस७ आल्या. दोन्हींमध्ये चोवीस तास चालणारी कंट्रोल रूम असते, गाडी इंजिन न चालवता उचलून नेली तर सूचना जाते, बॅटरीची तार काढली तरी सूचना जाते. फरक चालक ओळखण्यात आहे. एस५ मध्ये तुमच्याजवळ एक छोटा टॅग किंवा कार्ड असतं. तो जवळ नसताना गाडी चालू होऊन निघाली की कंट्रोल रूमला लगेच कळतं, मग चोराकडे खरी किल्ली असली तरीही. एस७ ला हे कळत नाही. खऱ्या किल्लीने, किंवा फसवलेल्या किल्लीच्या सिग्नलने, गाडी शांतपणे निघून गेली तर एस७ च्या लेखी ती तुम्हीच नेली. सकाळी उठून तुम्ही कळवाल तेव्हा शोध सुरू होणार.

स्पोर्ट्स कारसाठी विमा कंपन्या एस५ चा आग्रह का धरतात ते यावरून लक्षात येईल. या गाड्या काच फोडून, तारा जुळवून चोरल्या जात नाहीत. तुमच्या ९११ ला किल्ली खिशात ठेवून दार उघडण्याची एन्ट्री अँड ड्राइव्ह सोय असेल, तर दोन माणसं रिले यंत्र घेऊन येतात. एक घराच्या दाराशी, एक गाडीपाशी. घरातल्या किल्लीचा सिग्नल गाडीपर्यंत पोचवतात आणि गाडी नेतात. ती सोय नसेल तर घर फोडून किल्लीच नेतात. तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांत उघड झाला. २०२२ मध्ये लंडनमधले सायबर सुरक्षा संशोधक इयन टेबर यांची टोयोटा आरएव्ही४ चोरीला गेली. त्यांनी आणि त्यांचे मित्र केन टिंडेल यांनी छडा लावला तेव्हा दिसलं की चोराने हेडलाइटच्या मागच्या तारांतून गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये, म्हणजे गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्यात, शिरून, किल्ली आली आहे असा खोटा संदेश गाडीला दिला होता. ते यंत्र एका साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं होतं. २०२३ मध्ये त्यांनी हे सगळं जाहीर केलं. गाडीच्या कारखान्यातल्या इमोबिलायझरला हा चोर मालकच वाटतो. टॅग मात्र त्याच्याकडे नसतो.

आणि म्हणूनच टॅग किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि सहा महिन्यांनी गाडी तपासणीला येते तेव्हा टॅग जुडग्यातच लटकलेला दिसतो. घर फोडणाऱ्याने जुडगा उचलला की तुम्ही एस५ चे पैसे देऊन एस७ वापरत आहात. टॅग पाकिटात ठेवा. रात्री पाकीट वर झोपायच्या खोलीत, किल्ली दुसरीकडे. दुसरा टॅग जोडीदाराकडे द्या. जोडीदार गाडी चालवत नसेल तर घरात नीट जागी ठेवा, पण गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये कधीही नाही. टॅग गाडीत सापडला तर तो चोरीच्या वेळीही गाडीत होता, हे कंट्रोल रूमच्या नोंदीत दिसतं. ती नोंद विमा कंपनी मागवते.

विकणाऱ्याच्या ट्रॅकरकडे येऊ. तो खोटं बोलतो आहे असं मी म्हणत नाही, पण या वाक्यावर विसंबू नका. पोर्शेची स्वतःची व्हेइकल ट्रॅकिंग सिस्टिम आहे, ती व्होडाफोन ऑटोमोटिव्हच्या सेवेवर चालते, आणि २०१४ च्या ९११ वर ती पर्यायी होती. गाडीच्या मूळ ऑर्डरच्या यादीत तुम्हाला ‘ट्रॅकिंग सिस्टिमची पूर्वतयारी’ अशी ओळ दिसली, तर त्याचा अर्थ फक्त वायरिंग तयार आहे, यंत्र नाही. अनेक विक्रेते ही ओळ दाखवून ट्रॅकर आहे असं सांगतात. खरोखर यंत्र असेल तर ते चालू आहे का, सब्स्क्रिप्शन कधी संपलं, ड्रायव्हर कार्डं मिळतील का, आणि नाव तुमच्यावर होईल का, हे विचारावं लागेल. पोर्शे सेंटरला चासी नंबर दिला तर बसवलेलं काय आहे ते कळतं. सगळं ठीक निघालं, तरी दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावर तेव्हाची कॅटेगरी ५ असेल, एस५ नव्हे. विमा कंपनी ते चालवून घेईल की नाही हे तिने लिहून दिल्याशिवाय धरू नका. बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. पण क्लेमच्या वेळी ‘बऱ्याच कंपन्या’ हा पुरावा होत नाही.

जुन्या यंत्रात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे आतलं मोबाइल सिम कोणत्या नेटवर्कवर बोलतं. ब्रिटनमधल्या मोबाइल कंपन्यांनी २०२४-२५ च्या सुमारास ३जी बंद केलं, आणि २जी जास्तीत जास्त २०३३ पर्यंत चालणार आहे. नवीन घेताना ४जीवर चालणारंच घ्या.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. एअरटॅग २०२१ मध्ये आला तेव्हापासून लोक तो गाडीत लपवतात, आणि कधीकधी त्याने गाडी सापडतेही. ज्यादा म्हणून टाकायला माझी हरकत नाही, मी स्वतःही गिऱ्हाइकांना तसं सांगतो. पण त्याला कंट्रोल रूम नाही, तो आसपासच्या फोनांच्या भरवशावर चालतो. शिवाय कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून अॅपलने त्यात अशी सोय केली आहे की सोबत फिरणारा अनोळखी एअरटॅग चोराच्या फोनला कळतो. २०२३ पासून अँड्रॉइड फोनलाही तसा इशारा मिळतो. म्हणजे चोराला थोड्याच वेळात समजतं की गाडीत काहीतरी आहे. तीस पौंडांचा जीपीएस तुम्हाला नकाशावर ठिपका दाखवेल, पण तो ठिपका रात्री तीन वाजता बघणार कोण? विम्यासाठी या दोन्हींची किंमत शून्य आहे. आणि अर्ज भरताना ‘ट्रॅकर आहे का’ या चौकटीत त्यांच्या भरवशावर ‘हो’ लिहू नका. ग्राहकांच्या विम्याबद्दलच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणे चुकीचं उत्तर दिलं तर क्लेमची रक्कम कापली जाऊ शकते, आणि जाणूनबुजून दिलं तर पॉलिसीच रद्द धरता येते. तरुण चालकांच्या विम्यासोबत येणारा ‘ब्लॅक बॉक्स’ हाही वेगळा प्रकार आहे. तो तुम्ही ब्रेक कसा मारता ते मोजतो. चोरीविरोधी ट्रॅकर म्हणून तो धरत नाहीत.

आता वायरिंग. तुमची भीती योग्य आहे, आणि ती असलेली बरी. ट्रॅकरला मुळात तीन गोष्टी लागतात: कायम चालू असलेला प्लस, अर्थ, आणि इग्निशन चालू झाल्याचा संकेत. हा संकेत एखाद्या तारेतून घेतात किंवा गाडीच्या कॅन लाइनवरून वाचतात. काम तीन तारांचं, पण वाईट हातात गेलं तर डॅशबोर्डवर इशाऱ्यांचे दिवे लागतात, एअरबॅगचा फॉल्ट येतो, आणि वर्षभराने ओल शिरून तार कुजते. गाडी माझ्याकडे दुसऱ्याने केलेलं काम दुरुस्त करायला येते तेव्हा बहुतेक वेळा एकच दोष असतो: तारेला चिमटा मारून जोडणारे ते निळे प्लास्टिकचे कनेक्टर. ते तारेचे काही धागे तोडतात आणि पुढे कंपनांनी उरलेलेही तुटतात. फिटरला सरळ विचारा, जोड कसे देता? सोल्डर करून, किंवा चांगल्या क्रिंपने, वर कापडी हार्नेस टेप, आणि प्लसवर स्वतंत्र फ्यूज, असं उत्तर हवं. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या तारांच्या जवळपासही तो जाणार नाही हे त्याने न विचारता सांगितलं तर माणूस चांगला. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात ते) खोचलेलं यंत्र मात्र नको. चोर दार उघडल्यावर पहिला हात तिथेच घालतो.

यंत्र कुठे बसवायचं? तुमच्या गाडीसाठी मी जागा लिहिणार नाही, आणि कोणी लिहिलीच तर ती वाचून तिथे बसवू नका. सगळे फिटर एकाच सोयीच्या जागी बसवतात म्हणून चोरांना ती पाठ असते. जे सांगता येईल ते एवढंच. जीपीएसला आकाश दिसावं लागतं. प्लास्टिक, फायबरग्लास आणि साधी काच यांतून सिग्नल जातो. स्टील, अॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर यांतून जात नाही. त्यामुळे लोटसच्या फायबरग्लासच्या गाडीत जे सोपं असतं ते कार्बनच्या सुपरकारमध्ये डोकेदुखीचं होतं, आणि ९११ या दोहोंच्या मध्ये येते. काचेवर उष्णतारोधक धातूचा थर असेल तर काचेतूनही सिग्नल अडतो. ९११ चं इंजिन मागे, म्हणजे मागच्या भागात उष्णता. पुढे डिकीपाशी, समोरच्या काचेखालच्या भागात पानं साचून पाणी तुंबतं, तिथे ओल. चांगला फिटर या दोन्ही जागा टाळून काम करतो आणि त्यात वेळ जातो. दीड-दोन तास लागले तर तो तुमच्या भल्याचं करतो आहे. काम चालू असताना फोटो काढू नका, आणि पोर्शेप्रेमींच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

बसवून झाल्यावर फिटरला निघू देण्याआधी त्याच्यासमोर चाचणी करा. टॅग घरात ठेवून गाडी थोडी पुढे न्या आणि कंट्रोल रूमचा फोन येतो का बघा. मग कागद तपासा. प्रमाणपत्रावर श्रेणी, यंत्राचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि पूर्ण चासी नंबर हवा. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो, एकेक अक्षर जुळवून बघा. आपल्या मंडळींना नावाची किंवा आवडीच्या आकड्यांची खासगी नंबर प्लेट घ्यायची हौस आहे. प्लेट बदललीत तर त्याच दिवशी ट्रॅकर कंपनीला आणि विमा कंपनीला दोघांनाही कळवा. नाहीतर चोरीच्या रात्री पोलिसांना जुना नंबर दिला जातो आणि रस्त्यावरचे कॅमेरे भलताच नंबर शोधत बसतात.

खर्चाचं म्हणाल तर बसवण्यासहित काहीशे पौंड, आणि दरवर्षीचं सब्स्क्रिप्शन वेगळं. आजीवन सब्स्क्रिप्शन देणारेही आहेत, पण ते गाडीच्या मालकीपुरतं की यंत्राच्या आयुष्यापुरतं ते विचारा. वार्षिक घेतलंत तर ते आपोआप नूतनीकरण होईल असं करा आणि तुमचं बँक कार्ड बदललं की तिथे बदलायला विसरू नका. सब्स्क्रिप्शन संपल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि क्लेम नाकारला गेला, असं या धंद्यात पुन्हा पुन्हा घडतं.

कायदा इथे थोडासा तुमच्या बाजूचा आहे, तेवढाच समजून घ्या. ब्रिटनच्या विमा कायदा २०१५ च्या कलम ११ प्रमाणे, जी अट मोडली ती झालेल्या नुकसानाचा धोका वाढवूच शकत नव्हती, तर विमा कंपनी ती अट पुढे करू शकत नाही. म्हणजे सब्स्क्रिप्शन संपलेलं असताना एम४ मोटरवेवर कोणी मागून ठोकलं, तर ट्रॅकरचं कारण देता येणार नाही. पण गाडी चोरीला गेली तर ट्रॅकर चालू असता तर ती परत मिळाली असती, असं कंपनी म्हणू शकते, आणि ते खोडून काढणं अवघड. वाद झालाच तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे फुकट तक्रार करता येते. तिथे कागद बोलतात, म्हणून वरचा सगळा आग्रह.

बॅटरीचा हिशेब मी सविस्तर करून दाखवतो, कारण पुण्याच्या प्रवासाचा प्रश्न इथेच सुटतो. गाडी कुलूप लावून झोपलेली असतानाही थोडा करंट खाते, सुस्थितीतली गाडी साधारण २५ मिलिअँपिअर धरा. ट्रॅकर सरासरी १० मिलिअँपिअर खातो असं धरू. एकूण ३५. दिवसाला झाले ०.८४ अँपिअर-अवर. बॅटरी ७० अँपिअर-अवरची नवी असेल तर अर्धी व्हायला सुमारे सहा आठवडे लागतील, ट्रॅकर नसता तर आठ लागले असते. पण बॅटरी जुनी असेल आणि तिच्यात खरे पन्नासच उरले असतील, तर अर्ध्यावर यायला एक महिना. डिसेंबरच्या थंडीत बॅटरीची ताकद आणखी घटते. म्हणजे तुम्ही पुण्याहून परत याल तेव्हा गाडी चालू न होण्याची शक्यता खरी आहे. त्याही आधी, व्होल्टेज खाली गेलं की ट्रॅकर ‘बॅटरी कमी’ अशी सूचना पाठवतो आणि पुढे स्वतःच्या आतल्या छोट्या बॅटरीवर जाऊन शेवटी गप्प होतो. तो गप्प असताना चोरी झाली तर एन्डॉर्समेंटमधल्या ‘चालू’ या शब्दावर तुमची अडचण होते.

उपाय स्वस्त आहे. गॅरेजमध्ये वीज असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी सतत भरलेली ठेवणारा चार्जर, लावून जा. पोर्शेचा स्वतःचा चार्ज-ओ-मॅट आहे, सीटेकचाही चांगला चालतो. गाडीत हलकी लिथियम बॅटरी बसवलेली असेल तर मेंटेनर लिथियमसाठीचाच हवा, साधा लावू नका. ९११ मध्ये एक खास पंचाईत आहे. बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी पूर्ण बसली की डिकीच उघडत नाही. त्यासाठी आत पायाशी फ्यूजबॉक्सात बाहेरून वीज देण्याची सोय आहे. ती कशी वापरायची ते मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा, अंधारात थंडीत पहिल्यांदा शोधू नका.

पुण्याला जाताना बॅटरीइतकाच महत्त्वाचा तुमचा फोन. कंट्रोल रूम सूचना आली की आधी तुम्हाला फोन करते. चोरी आहे याची खात्री तुमच्याकडून झाल्याशिवाय ती पोलिसांकडे जात नाही. तुम्ही तिकडे भारतीय सिम टाकून हिंडत असाल आणि ब्रिटिश नंबर बंद असेल, तर रात्री तीनचा फोन, म्हणजे तुमच्याकडे सकाळी साडेआठचा, वाजणारच नाही. दुसरा संपर्क म्हणून इंग्लंडातल्या घराजवळ राहणाऱ्या माणसाचं नाव द्या, शेजारी असेल तर उत्तम, कारण तो खिडकीतून बघून सांगू शकतो की गाडी जागेवर आहे की नाही. त्याला फोन येऊ शकतो हे आधी सांगून ठेवा. स्वतःच्या फोनवर कंट्रोल रूमचा नंबर नावानिशी साठवा आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळा. रात्री फोन गप्प करून झोपणाऱ्यांना एस५ चा निम्मा उपयोग होतो.

याच कारणाने, गाडी फ्लॅटबेडवर चढवायची असेल, सर्व्हिसला द्यायची असेल, ट्रेलरवर ट्रॅक डेला न्यायची असेल, किंवा युरोटनेलने पलीकडे फ्रान्सला जायचं असेल, तर अॅपमधून ट्रान्सपोर्ट किंवा गॅरेज मोड लावा. नाहीतर खोट्या सूचना येत राहतात, आणि चार खोट्या सूचनांनंतर माणूस खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतो. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकला जाण्याचा विचार असेल तर सब्स्क्रिप्शनमध्ये युरोप धरलेला आहे का ते आधी बघा.

जॅमरबद्दल कोणीतरी विचारेलच. हो, जीपीएस आणि मोबाइल सिग्नल अडवणारी यंत्रं चोर वापरतात. ती वापरणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे, पण चोराला त्याची फिकीर नाही. चांगले ट्रॅकर जॅमिंग झाल्याचं ओळखतात. जॅमर कायम चालू ठेवता येत नाही, आणि तो बंद झाला की यंत्र पुन्हा बोलतं. काही कंपन्या सोबत व्हीएचएफ रेडिओ देतात. तो शिपिंग कंटेनरमधून किंवा तळघरातल्या गॅरेजमधूनही ऐकू येतो, आणि महागड्या गाड्या फेलिक्स्टोसारख्या बंदरांकडे कंटेनरमधूनच जातात, म्हणून गाडी जास्त किमतीची असेल तर मी व्हीएचएफ असलेलाच सुचवतो. काही एस५ यंत्रांत लांबून स्टार्ट बंद करण्याची सोय असते. चालती गाडी ती थांबवत नाही, पोलिसांच्या सांगण्यावरून पुढचा स्टार्ट अडवते. चोर गाडी उचलल्यावर बहुतेक वेळा एखाद्या साध्या वस्तीत एक-दोन दिवस उभी करून ठेवतात, कोणी शोधत येतं का बघायला. त्या एक-दोन दिवसांतच ट्रॅकरचं काम होतं.

पुण्या-मुंबईहून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: भारतात परिस्थिती वेगळी आहे. तिथे एआरएआय, म्हणजे पुण्यातल्या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर विम्याच्या ‘ओन डॅमेज’ भागावर २.५ टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये सूट, अशी जुन्या मोटर टॅरिफपासूनची रीत आहे. थॅचमची श्रेणी तिथे कोणी विचारणार नाही.

आणि तो फोन खरंच आला तर क्रम पक्का ठेवा. आधी किल्ल्या, टॅग आणि घरातली माणसं जागेवर आहेत का बघा. गाडी गेली असेल तर कंट्रोल रूमला तसं सांगा. चोर अजून दारात असेल तर ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन, निघून गेला असेल तर पोलिसांकडे नोंद करून गुन्ह्याचा क्रमांक घ्या, कारण त्या क्रमांकाशिवाय कंट्रोल रूम आणि पोलीस यांची गाठ पडत नाही. अॅपवर ठिपका हलताना दिसला तरी त्यामागे स्वतः जाऊ नका. ज्यांच्याकडे ती गाडी आहे ते एकटे नसतात. मग विमा कंपनी. ती दोन्ही किल्ल्या आणि दोन्ही टॅग मागते, तेव्हा दुसरा टॅग कुठे आहे हे आजच बघून ठेवा.